पुरिंगच्या नावाचं कलम

पुरिफिकासियोन बिलोनेस कोण, असं आमच्या बंदरात विचारलंत तर लोक तुमच्या तोंडाकडे बघत बसतील. मानांग पुरिंग म्हणा, मग बघा! बेटांवरची शेंबडी पोरंसुद्धा सांगतील, रेडिओवरची मानांग. मानांग म्हणजे थोरली बहीण, आणि ती सगळ्यांचीच थोरली, तिच्याहून म्हाताऱ्या बायकांचीसुद्धा. मी तिच्यासमोर, काचेच्या अलीकडे बसायचे. बटणं माझ्याकडे, आवाज तिच्याकडे. उभं आयुष्य आम्ही एकमेकींची तोंडं बघत काढलं, तेव्हा तिच्याबद्दल बोलायचा हक्क कुणाला असेल तर तो मला आहे. वर्तमानपत्रवाल्यांनी तिच्याबद्दल जे काही खरडलंय ते वाचून माझं डोकं उठलं, म्हणून सांगायला बसले.

तिचं काम निरोप वाचायचं. बेटांवर फोन कधी लागतो, कधी नाही, पण बॅटरीवरचा रेडिओ घराघरात असतो. बंदरात कुणाचं माणूस आजारी पडलं, कुणी बाळंत झालं, कुणी गेलं, की नातेवाईक आमच्या स्टेशनच्या खिडकीशी येऊन निरोप देणार आणि पुरिंग तो वाचणार. “नोनोय मगालोना, ऐकतोयस का? तुझी बायको बाळंत झाली. मुलगी आहे, दोघी बऱ्या आहेत. येताना तांदूळ आण, आणि नोनोय, शुद्धीत ये.” शेवटचं वाक्य निरोपात नसायचंच, ते पुरिंगच्या पदरचं. मरणाचा निरोप मात्र ती दोनदा वाचायची, हळू, आणि त्यात आपलं काही घालायची नाही.

वादळाच्या दिवसांत तर सगळं तिच्यावरच. बोटींवरची बंदी लागली की उठली याचा कागद तटरक्षकांकडून यायचा आणि पुरिंग तो वाचायची. कागद तटरक्षकांचा असेना का, लोक विचारायचे, “पुरिंग बोलली का?” ती बोलल्याशिवाय कुणी बोटीचा दोर सोडायचं नाही. याचा मला फार अभिमान वाटायचा. आता कशाचाच वाटत नाही.

त्या वर्षीच्या वादळात बेटांवरची माणसं आणून बंदरातल्या शाळेत ठेवली होती. वादळ सरकलं, लख्ख ऊन पडलं, पण मागून दुसरं येत होतं म्हणून बंदी उठली नव्हती. दुपारी आम्ही दोघी स्टेशनवर भात आणि सुकी मासळी खात होतो. तेवढ्यात दारावरच्या रखवालदाराच्या फोनमधून पुरिंगचा आवाज आला. “बेटांवरच्या माझ्या माणसांनो, बंदी उठली. घरी जा. सावकाश जा.”

पुरिंग माझ्यासमोर बसलेली. तोंडात घास. ती चावायची थांबली.

“एस्तेर,” ती म्हणाली, “हे मी कधी बोलले गं?”

मी धावत जाऊन बटणं दाबली, तिने माईक धरला आणि जीव तोडून ओरडली, की जाऊ नका, ती मी नव्हे. पण शाळेत रेडिओ कुणी आणला होता? घाईत फक्त फोन खिशात टाकून आले होते सगळे. आम्ही शाळेत पोचलो तेव्हा निम्मं आवार रिकामं होतं.

बादोंग नावाचा एक बोटवाला होता. ती क्लिप त्याला कुणीतरी पाठवली. बिचाऱ्याने सगळ्यांना ऐकू जावं म्हणून फोन शाळेच्या भोंग्याच्या माईकला लावला आणि बोट सोडण्यात पहिला नंबरही त्याचाच. दुसरं वादळ त्यांना वाटेतच भेटलं. बोटी उलटल्या, त्यात त्याचीही. बायको नेर्लिन आणि दोन मुलगे गेले. हा बोटीच्या आडव्या बांबूला धरून वाचला. धाकटी आयसा तापाने फणफणली होती म्हणून तिला शाळेतल्या बाईंकडे ठेवलं होतं, ती राहिली.

क्लिप बनवली कुणी? कुणी वैर साधलं असतं तरी एक वेळ समजलं असतं. बाहेरच्या कुठल्याशा देशातून चालणारं इंटरनेटवरचं एक पान होतं, गावोगावच्या वादळांच्या बातम्या त्या-त्या गावच्या आवाजात द्यायचं. माणसाने नाही, यंत्राने. आमचे जुने कार्यक्रम त्या यंत्राने गिळले होते, पुरिंगचा आवाज उचलला होता आणि आदल्या वर्षीच्या वादळाची बातमी या वर्षी ओकून टाकली. लोकांनी पान बघावं, जाहिराती चालाव्यात, एवढंच. आमचं बंदर नकाशावर कुठे आहे हेसुद्धा तिथे कुणाला ठाऊक नसणार.

हे सगळं आम्हाला पुढे कळलं. बादोंग आला तेव्हा काही ठाऊक नव्हतं. तो सरळ आत घुसला आणि तिच्यासमोर उभा राहिला.

“मानांग, का सांगितलंस?”

“मी नाही रे सांगितलं, बादोंग.”

“मी तुझा आवाज ओळखत नाही? माझा जन्म झाल्याचं बापाला तू सांगितलंस. तुझा आवाज मी ओळखत नाही?”

लोकांनी स्टेशनच्या दारावर मासळीची घाण फेकली, ती मी धुतली. मग पुरिंग उठली आणि बेटाबेटावर गेली. प्रत्येक चर्चमध्ये बसून सांगायची, तो आवाज माझा नव्हता. लोक ऐकून घ्यायचे, कॉफी द्यायचे, आणि मान खाली घालून बसायचे. शेवटी शाळेतल्या मास्तरांनी बादोंगला समोर बसवलं, त्याचं चार वाक्यं बोलणं फोनवर घेतलं आणि थोड्या वेळाने त्याला त्याचाच आवाज ऐकवला, त्याने जन्मात कधी न बोललेलं बोलताना. बादोंग ऐकत राहिला. मग पुरिंगच्या मांडीवर डोकं ठेवून असा रडला की बघवेना. त्यानंतर तिच्या बाजूने बोलणारा पहिला माणूस तोच. कुणी कुजबुजलं तर अंगावर जायचा.

आणि मग सुरू झालं राजधानीचं, मनिलाचं प्रकरण. आमच्या भागाच्या खासदाराने ठरवलं, की देशात एआयचा कायदा हवा. त्यात वाईट काही नव्हतं. संसदेच्या समितीपुढे साक्षीला त्याने पुरिंगला नेलं, सोबत मी. त्या खोल्यांमध्ये एवढं गार करून ठेवतात की बोलता बोलता दात वाजावेत. पुरिंगने शपथ घेऊन सगळं सांगितलं, नेर्लिनचं, पोरांचं, घासाचंसुद्धा. लोकांनी डोळे पुसले. मग शहाण्यांची पाळी आली.

कंपन्यांचा वकील म्हणाला, एआय म्हणजे नेमकं काय ते आधी ठरवा, तुमच्या व्याख्येत तर हिशेबाचं यंत्रही बसतं. एक प्राध्यापक म्हणाले, आज व्याख्या लिहाल ती कायदा होईपर्यंत शिळी होईल. आमच्याच पत्रकार संघटनेचा माणूस उठला, की हा कायदा उद्या आमच्याच मानेवर ठेवाल, आधीच्या कायद्याखाली पत्रकारच आत टाकलेत ते विसरलो नाही. राग आला मला, पण खोटं कुणीच बोलत नव्हतं, तीच तर पंचाईत. समितीच्या कामात एक तरुण वकीलबाई होती, तिला पुरिंगने जेवणाच्या सुट्टीत गाठलं.

“बाई, ते पान चालवणारा सापडेल का हो?”

“अवघड आहे, मानांग. कंपनी एका देशात, यंत्र दुसऱ्या देशात, माणूस तिसऱ्याच. आपला कायदा आपल्या किनाऱ्यापर्यंत.”

“मग सापडेल कोण?”

ती पोरगी प्रामाणिक होती. “जो हाताशी असेल तो,” म्हणाली. पुरिंगने मान हलवली आणि भात संपवला. मी तिला कोपराने ढोसलं, ऐकलंस का म्हटलं. ती म्हणाली, “काहीच नसण्यापेक्षा काहीतरी असू दे की गं.”

पुढे निवडणूक आली आणि विधेयक बारगळलं. आमच्याकडे असंच असतं. संसदेची मुदत संपली की अर्धवट राहिलेलं सगळं मेलं, नव्या लोकांनी पुन्हा पहिल्यापासून मांडायचं. नवीन समिती, नवीन अध्यक्ष, तीच गार खोली. “आपलं नाव सांगा.” पुन्हा नेर्लिन बुडाली, पुन्हा पोरं बुडाली. दर वेळी ते सांगून आली की पुरिंग खोलीवर भिंतीकडे तोंड करून पडायची. मी म्हटलं, “मेल्यांना टेप करून पाठव एकदा, सारखं काय उकरायला लावतात!” ती म्हणाली, “टेप? माझ्या आवाजाची?” आणि हसली. त्या सगळ्या वर्षांत तेवढीच काय ती हसली असेल.

शेवटच्या फेरीत अध्यक्षांनी विचारलं, “या कायद्यात तुम्हाला एकच गोष्ट घालायची असेल तर काय घालाल, मानांग?”

आणि ती बोलली. कुणी शिकवलेलं नव्हतं, मीही नाही. तिच्या भाचीला गावच्या एका बड्या घरातल्या पोराने मारून अधमेली केली होती. भाचीने फिर्याद दिली. मग घरी माणसं आली, डुक्कर घेऊन आली, तांदळाची पोती घेऊन आली, गोड बोलली, मग कमी गोड बोलली आणि फिर्याद मागे घेतल्याच्या कागदावर तिची सही घेऊन गेली. खटला खलास. आमच्याकडचे निम्मे खटले असेच मरतात, तडजोडीने. आमच्याकडचा माणूस कायदा म्हटलं की आधी या कागदाला भितो.

“साहेब,” पुरिंग म्हणाली, “गरीब माणूस फिर्याद मागे घेतो. घ्यायलाच लावतात. म्हणून असं करा, फिर्याद गरिबाने द्यायलाच नको. सरकारने स्वतः खटला भरावा. आणि एकदा भरला की कुणाच्याही सहीने तो मागे घेता येऊ नये. माझ्याही नाही.”

टाळ्या पडल्या हो! समितीत कधी टाळ्या पडत नाहीत, तिथे पडल्या. वर्तमानपत्रांनी त्याला नावच दिलं, पुरिंग कलम. कायदा पास झाला तेव्हा खासदाराने बंदरावर अख्खं डुक्कर भाजलं. बादोंग आयसाला खांद्यावर घेऊन आला होता, तो पुरिंगला म्हणाला, “मानांग, आता नेर्लिनला शांती मिळेल.” मी दोन ताटं खाल्ली. मूर्ख मी.

कायद्यात आणखी एक कलम होतं. बनवणारा हाती लागत नाही म्हणून पसरवणाऱ्यालाही शिक्षा, सहा वर्षांपासून पुढे. यंत्राने केलेला आवाज पुढे पाठवायचा असेल तर ‘हा यंत्राचा आहे’ हे त्या आवाजातच बोललेलं असलं पाहिजे. खाली लिहून चालणार नाही, कारण आमच्याकडे पुष्कळांना वाचता येत नाही. समितीत बरोबर वाटलं होतं ते. मलाही वाटलं होतं.

बादोंग दर वर्षी नेर्लिन गेली त्या तारखेला तिचा फोटो, समोर मेणबत्ती आणि सोबत ती क्लिप आपल्या पानावर टाकायचा. खाली लिहायचा, या आवाजाने माझं घर बुडवलं, यावर विश्वास ठेवू नका. त्या वर्षीही टाकलं. कायदा लागू होऊन थोडेच दिवस झाले होते. कायदा मोडणारे हुडकायला सरकारने काय ठेवलं असेल? यंत्रच! त्या यंत्राने आवाज ताडला, खोटा ठरवला, नाव-पत्ता काढून दिला. फोटो बघायला, मेणबत्ती बघायला त्याला कोण सांगणार? पोलीस बादोंगला धक्क्यावरून घेऊन गेले, हाताला जाळ्याचे तुकडे चिकटलेले तसेच. देशातला या कायद्याखालचा पहिला आरोपी म्हणून टीव्हीवर त्याचा चेहरा दाखवला. ते बाहेरच्या देशातलं पान त्या दिवशीही चालू होतं, मी स्वतः बघितलं.

पुरिंग चपला न घालता सरकारी वकिलांकडे गेली. मी मागे तिच्या चपला घेऊन. सरकारी वकील आमच्याच बंदरातला, चांगला माणूस.

“लिहून घ्या,” ती म्हणाली, “माझी काही तक्रार नाही. सही कुठे करू?”

त्याने पेन हातात घेतलंच नाही. “मानांग, माझा बाप गेल्याचा निरोप तुम्ही वाचला होतात. मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. ही सही कायद्याने चालत नाही. कुणाचीच चालत नाही. ते कुणी मागून घेतलंय ते तुम्हाला ठाऊक आहे.”

“पण ते बड्या लोकांसाठी होतं.”

“कायद्यात बडे लोक असं लिहिलेलं नाही.”

“मग तुम्ही सोडा की त्याला. तुमच्या हातात असेल ना?”

“पहिला खटला आहे. मनिलातून रोज फोन येतोय. मी सोडला तर माझ्या जागी दुसरा आणतील.”

पुरिंग त्याच्या टेबलाची कड धरून उभी राहिली. मी चपला खाली ठेवल्या, तिने पाय घातले नाहीत. आयसाला तोवर मी घरी आणलं होतं. पोरीला आई नाही, आणि बाप सहा वर्षं आत. खासदाराला फोन केला तर त्याच्या माणसाने सांगितलं, साहेब परदेशी परिषदेत बोलायला गेलेत. विषय काय, म्हटलं. म्हणाला, हाच कायदा.

बादोंगला सरकारतर्फे एक वकील मिळाली होती, लहान चणीची, फाइलींच्या ढिगाखाली दबलेली. ती म्हणाली, आवाजाची तपासणी करणारी प्रयोगशाळा देशात एकच आहे, तिथे रांग लागली आहे, आणि तिचा अहवालही ‘बहुधा’ एवढंच म्हणतो. “म्हणून कायद्याने ठरवलंय, की ज्याचा आवाज, त्याची शपथेवरची साक्ष पुरेशी. सगळा खटला तुमच्या एका वाक्यावर उभा आहे, मानांग. हा आवाज माझा नाही, एवढं तुम्ही म्हणालात की तो आत गेला.” ती दुसरं काही सुचवत नव्हती, नुसती परिस्थिती सांगत होती. पण पुरिंगने तिच्याकडे कशा नजरेने बघितलं ते मी बघितलं.

घरी येताना मी तिला फैलावर घेतलं. “काय शिजतंय तुझ्या डोक्यात? खबरदार! वर्षानुवर्षं दारोदार फिरून तू लोकांना पटवलंस. देवासमोर शपथ घेऊन खोटं बोलशील?” ती आयसासाठी पाव घ्यायला थांबली. “कोणता चांगला, एस्तेर, गोड की साधा?” म्हणाली. मी रस्त्यातच रडायला लागले.

कोर्टात ती क्लिप लावली. “बेटांवरच्या माझ्या माणसांनो, बंदी उठली.” आरोपीच्या बाकावर बादोंगने कानांवर हात ठेवले. सरकारी वकिलाने विचारलं, “हा आवाज तुमचा आहे का?”

“माझा आहे.”

तो गोंधळला. “म्हणजे तुमच्यासारखा आहे.”

“सारखा नाही. माझाच. मी बोलले ते. बंदी उठली असं मला वाटलं, रखवालदाराच्या फोनवर बोलले आणि पाठवून दिलं. यंत्राचा काही संबंध नाही.”

“मनिलात शपथेवर तुम्ही याच्या नेमकं उलट सांगितलंत. एकदा नाही, प्रत्येक वेळी.”

“तेव्हा घाबरले होते. खोटं बोलले.”

जज्जबाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, या बोलण्याचे परिणाम तुम्हाला कळतात का. “कळतात,” पुरिंग म्हणाली. मी उठून उभी राहिले होते. ओरडणारच होते, की ही बाई माझ्यासमोर घास चावत बसली होती हो! तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. मी खाली बसले.

पुढचं तुम्ही वाचलंच असेल. आवाज खरा, म्हणून गुन्हाच नाही, बादोंग सुटला. पुरिंगवर खोट्या साक्षीचा खटला भरला, बुडालेल्यांच्या नातेवाइकांनी वेगळा भरला, स्टेशनने तिला काढलं. ‘कायद्याची आई खोटारडी’ असं छापलं. पत्रकार संघटना म्हणाली बघा, कंपन्यांचे वकील म्हणाले बघा, आणि खासदार म्हणाला, माझीही फसवणूक झाली. ती प्रार्थनेला जाते, मागच्या बाकावर बसते, पापाची कबुली दिल्याशिवाय घेता येत नाही म्हणून ख्रिस्तप्रसादाला पुढे जात नाही. पाद्रीबाबांनी विचारलं, तर म्हणाली, “पश्चात्ताप होत नाही बाबा, मग कबुली कशाची देऊ?” कायदा आहे तसाच आहे.

पण कोर्टाच्या जिन्यात काय झालं ते कुणी छापलं नाही. कारण तिथे मी होते, दोन पोलीस होते आणि सरकारी वकिलाचा कारकून होता, बस. जज्जबाईंनी सोडा म्हणून तोंडी सांगितलं होतं, पण निकालाचा कागद अजून सहीला आत होता. पुरिंग आयसाचा हात धरून उभी. बादोंगला वरून आणलं, हात मोकळे करून. मला वाटलं आता हा तिच्या पायाच पडेल.

तो समोर येऊन उभा राहिला.

“मानांग,” तो म्हणाला, “म्हणजे तेव्हा खरंच तूच होतीस?”

पुरिंगने पोलिसांकडे बघितलं, कारकुनाकडे बघितलं. तिचे ओठ हलले. मग ती म्हणाली, “पोरीला घेऊन घरी जा, बादोंग. सकाळपासून काही खाल्लं नाही तिने.”

त्याने आयसाचा हात तिच्या हातातून ओढून घेतला आणि जिना उतरायला लागला. मी कठड्यावरून वाकून हाक मारणार, तोच पुरिंगने माझं मनगट धरलं, असं की नखं रुतली. “सही व्हायची आहे अजून,” ती पुटपुटली. खाली रस्त्यावर तो पोरीला वाकून काहीतरी सांगत होता. पोरीने वळून वर आमच्याकडे बघितलं आणि मग तिनेही तोंड फिरवलं.